रेनॉक्स डीसीआर-२५०: काट्यापासून साडेबारा सेंटिमीटर

बाभळीचा काटा, उसाच्या पाल्याची कड, चप्पल शिवायची आरी, ऊसतोडीचा कोयता. असल्या टोकदार-धारदार वस्तू जवळून टिपायच्या आहेत आणि मॅक्रो लेन्सएवढा खर्च करायचा नाही, तर रेनॉक्स डीसीआर-२५० हे छोटं भिंग बघण्यासारखं आहे. घरातल्या ५५-२०० किंवा ५५-२५० मिमी झूम लेन्सच्या तोंडावर ते लावायचं. सोबत येणारा चिमट्याचा अडॅप्टर ५२ ते ६७ मिमी आट्यांच्या लेन्सवर बसतो.

भिंगाची ताकद +८ डायऑप्टर (चष्म्याच्या नंबराचंच एकक). मूळ लेन्सचा फोकस अनंतावर, म्हणजे सगळ्यात लांब ठेवला की भिंगापासून १२५ मिमीवरची वस्तू फोकसमध्ये येते, झूम कुठेही असो. काटेरी विषयांसाठी पैसे वसूल होतात ते इथेच. ५० मिमी लेन्समागे १२, २० आणि ३६ मिमीच्या तिन्ही एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्यामधल्या पोकळ नळ्या) लावल्या तर १.३६ पट मोठेपणा मिळतो, म्हणजे सेन्सरवरची प्रतिमा वस्तूच्या १.३६ पट होते खरी, पण लेन्सचं तोंड काट्याला जवळजवळ टेकतं, त्याची सावली विषयावर पडते आणि उजेड अडीच स्टॉप कमी होतो (एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड). रेनॉक्सने उजेड घटत नाही. नागफणीवरची केसासारखी कुसं उलट्या दात्यांची असतात, कातडीत शिरली की निघत नाहीत. तिथे मधलं अंतर म्हणजे चैन नव्हे, गरज आहे.

मोठेपणाचा हिशेब तोंडी होतो: झूमचा आकडा भागिले १२५. २०० ला १.६ पट, २५० ला २ पट, ५५ ला ०.४४. फक्त १८-५५ लेन्स असेल तर हे घेऊ नका. रुंद बाजूला कोपरे काळे पडतात आणि ५५ वर मिळणारा मोठेपणा काट्याच्या जोडीला पुरला तरी टोकाला पुरत नाही.

आता अडचण. क्रॉप सेन्सरवर (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) १.६ पट आणि लेन्सचं छिद्र एफ/८ ठेवलं तर स्पष्ट पट्टा साधारण ०.१२ मिमी जाडीचा मिळतो, म्हणजे कागदाच्या जाडीएवढा. काटा कॅमेऱ्याकडे रोखलेला असेल तर टोक दिसेल आणि बाकी धूर. म्हणून काटा सेन्सरला समांतर, आडवा धरायचा. छिद्र आणखी बारीक, एफ/१६ केल्याने पट्टा दुप्पट होतो, पण विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून उजेड पसरतो) टोकच बोथट दिसायला लागतं. टोकदार वस्तूचा फोटो काढताना हा सौदा परवडत नाही. एफ/८ वर थांबा. खोली हवीच असेल तर ०.१ मिमीच्या टप्प्यांनी फोटो घेऊन सॉफ्टवेअरमध्ये जोडा. ३ मिमी खोलीला तिसेक फोटो लागतात.

ऑटोफोकस बंद करून कॅमेराच मिलिमीटरभर पुढे-मागे सरकवायचा आणि लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं दृश्य) मोठा करून टोक बघायचं. पन्हाळ्यावर किंवा मसाई पठारावर वारा असतो, फांदी हलते. जमिनीत रोवलेल्या काठीला कपड्याचा चिमटा बांधून फांदी त्यात अडकवली की निम्मं काम झालं. बाभळीचे काटे पांढरे असतात. मागे सावली असेल तर ते फोटोत जळतात, म्हणजे नुसते पांढरेफटक दिसतात, म्हणून एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप कमी ठेवा.

उसाचा पाला हा आपल्याकडचा सगळ्यात भारी विषय, आणि कोल्हापुरात त्याची कमी नाही. त्याच्या कडेचे दाते सिलिकाने कडक झालेले आणि शेंड्याकडे वळलेले असतात. म्हणून बुडाकडून शेंड्याकडे हात फिरला तर फार जाणवत नाही, उलटा फिरला की चिरतो. दाते मिलिमीटरहून लहान, त्यामुळे झूम २०० च्या पुढेच लागतो. तोडलेलं पान वाळत चाललं की गुंडाळतं. ताजं पान काचेच्या तुकड्यावर चिकटपट्टीने सपाट बसवा, काच उभी करा आणि मागून उजेड द्या.

धातूचं गणित वेगळं. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश इथे निरुपयोगी, लांब झूमची सावली थेट विषयावर येते. एका बाजूने एलईडी दिवा, मध्ये बटर पेपर, दुसऱ्या बाजूला काळं कार्डशीट. कोयता, रापी (चामडं कापायचं हत्यार) किंवा विळीची धार समोरून बघितली तर चांगल्या धारेवर उजेड थांबतच नाही, तिथे काळी रेघ दिसते. पांढरी चमक दिसली तर तेवढी जागा बोथट आहे. दगडावर घासल्यानंतर चिकटून राहिलेला पातळ पापुद्राही १.६ पटीत लख्ख दिसतो, त्यामुळे धार लावणाऱ्यालाही हे भिंग उपयोगी पडेल. फोटोआधी पातं पुसा, बोटांचे ठसे डोंगराएवढे दिसतात.

चिमट्याचा अडॅप्टर सोयीचा असला तरी तो थोडा तिरका बसला की चौकटीची एक बाजू पुसट होते आणि दोष लेन्सवर जातो. भिंगाचे मागचे आटे ४३ मिमीचे आहेत. आपल्या लेन्सच्या मापापासून ४३ वर उतरणारी स्टेप-डाऊन रिंग घेतली तर बैठक पक्की होते. मूळ झूम मऊ असेल तर भिंग ती सुधारत नाही. आणि ते लावलेलं असताना लांबचं काहीच फोकस होत नाही, पक्षी आला तर आधी भिंग काढावं लागतं.

पावसाळ्यात डबीत सिलिका जेलची पुडी ठेवा, नाहीतर काचेवर बुरशी धरते.