अँचेलोत्ती की डे झर्बी?

भाचा विचारतो, ‘मामा, या दोन फुटबॉल प्रशिक्षकांपैकी क्लिप्स कुणाच्या बघू?’

वेळ: अँचेलोत्तीला दहा सेकंद पुरतात. वर चढलेली डावी भुवई, नाहीतर 2022 च्या माद्रिदमधल्या विजययात्रेतला काळा चष्मा आणि तोंडातला सिगार. डे झर्बीसाठी वीस मिनिटं काढावी लागतात. त्याच्या तेव्हाच्या ब्रायटन या इंग्लिश क्लबचा बचावपटू चेंडूवर पायाचा तळवा ठेवून नुसता उभा. समोरचा धावून आला की त्याच्या पाठीमागे मोकळ्या झालेल्या जागेत पास. थांबवून थांबवून बघायचं प्रकरण आहे ते.

टिकाऊपणा: भुवईमागे प्रशिक्षक म्हणून जिंकलेल्या पाच चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा) आहेत, ती शिळी होत नाही. डे झर्बीची चर्चा निकालांबरोबर वरखाली होते.

हसायचंय? अँचेलोत्ती. स्वतः खेळत असशील, त्यातही बचावफळीत, तर डे झर्बीच.