बार्ना मिया, ड्रायंड्रा: रात्री वॉयली, पहाटे मॅगपाय

ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून 170 किलोमीटर गाडीत बसून, अंधारात कुडकुडत उभं राहून आम्ही काय पाहिलं? आमच्या ह्यांच्या शब्दांत, "कांगारूचे पाय लावलेली घूस". वॉयली तिचं नाव. वजन जेमतेम सव्वा किलो.

ड्रायंड्राच्या जंगलातल्या बार्ना मिया या प्राणी-अभयारण्याच्या कुंपणात बिल्बी, बूडी, माला अशी नामशेष व्हायच्या काठावरची पिशवीवाली मंडळी सांभाळली आहेत. पुढे लाल टॉर्च घेतलेली मार्गदर्शक मुलगी, मागे आम्ही चिडीचूप. नात बिल्बीच्या लांब कानांवर खूश. मी वॉयलीपाशीच अडकले. आमच्याकडे पाठ करून ती नुसती उकरत होती. जमिनीखालची बुरशी हे तिचं खाणं. त्यापायी एकटी वॉयली वर्षाला सुमारे 5 टन माती वरखाली करते. घरट्याचं गवत शेपटीत गुंडाळून नेते! 1999 ते 2006 मध्ये या जातीची संख्या 90 टक्क्यांनी घसरली. ड्रायंड्रात त्या तग धरून राहिल्या त्याचं एक कारण ऐकून मी चाटच पडले: इथल्या काही झुडपांत मुळातच 1080 नावाचं विष असतं. वॉयलीला ते पचतं, तिची शिकार करणाऱ्या, युरोपातून आणलेल्या कोल्ह्याला नाही.

पहाटे मुक्कामाच्या खोलीबाहेर मॅगपाय पक्षी. तिकीट नाही, टॉर्च नाही. रंग आपल्या दयाळासारखा काळा-पांढरा, अंगाने मात्र कावळ्याएवढा. तिघा-चौघांनी मिळून असा सूर लावला, की बासरीत पाणी भरून कुणी फुंकतंय वाटावं. हे चहाचा कप घेऊन बाहेरच उभे. "हे खरं पैसा वसूल," म्हणाले. "आणि फुकट!"

गाण्यात मॅगपायच सरस, वादच नाही. पण तो लेकीच्या अंगणात रोज येतो, सुपरमार्केटच्या पार्किंगमध्येही असतो. वसंतात पिल्लं असली की डोक्यावर झेप घेतो, म्हणून सायकलवाले हेल्मेटला प्लॅस्टिकच्या पट्ट्या खोचून फिरतात. त्याला पाहायला कुणी 170 किलोमीटर येणार नाही, आणि यावंही लागत नाही. माझे पाच तारे रात्रफेरीला.

कानटोपी न्या. फोटोंची आशा ठेवू नका. लाल उजेडात माझ्या फोनमध्ये सहा वांगी आली आहेत. ह्यांनी त्यातलंच एक घरच्या ग्रुपवर "वॉयली" म्हणून टाकलं, आणि नणंदेने अंगठाही दिला.