हेलिओव्यूअर: फुकट आहे, पण काळं कुठलं ते ओळखता आलं पाहिजे

सौरवादळाची बातमी आली की आमच्या आकाशनिरीक्षकांच्या ग्रुपवर लखलखत्या ज्वालांचे फोटो धडाधड पडायला लागतात. मला त्या लखलखाटात आता रस नाही. सूर्यावरून खरंच काही बाहेर फेकलं गेलं का, हे कळायला करोना, म्हणजे सूर्याचं बाहेरचं तापलेलं वातावरण, कुठे काळवंडला ते बघावं लागतं. घरबसल्या त्यासाठी मी हेलिओव्यूअर ही वेबसाइट वापरते. लॉगिन नाही, पैसे नाहीत. तारीख टाकली की नासाच्या एसडीओ यानाने टिपलेला त्या दिवसाचा सूर्य समोर येतो, अगदी 2010पासूनचा. त्यावर सोहो यानावरच्या लॅस्को या कॅमेऱ्याचा (तो सूर्याची तबकडी झाकून भोवतालचं टिपतो) थर चढवला की बाहेर पडलेला ढग पुढे कुठे गेला तेही दिसतं.

नवख्याने 7 जून 2011 लावावा. वेळ सकाळी 6 ते 9, तीही यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. आपल्या घड्याळासाठी साडेपाच तास मिळवा. थर एआयए या एसडीओवरच्या कॅमेऱ्याचा, 193 अँगस्ट्रॉम तरंगलांबीचा, म्हणजे साधारण 12 लाख केल्विनचा करोना. ज्वाला मध्यमच होती, एम2.5 वर्गाची. पण उजवीकडे खाली जो तंतू, म्हणजे करोनात तरंगणारा थंड, दाट वायूचा पट्टा, उधळला, त्यातला बराचसा माल पुन्हा सूर्यावरच कोसळला.

आता थराच्या सेटिंगमध्ये 'बेस डिफरन्स' निवडा. प्रत्येक चित्रातून सुरुवातीचं चित्र वजा होतं आणि दोन तऱ्हेचं काळं दिसायला लागतं. एक सरकतं, लोंबतं, खाली येतं: तो थंड, दाट वायू, मागचा उजेड शोषून घेणारा. दुसरं जागचं हलत नाही. तिथला प्लाझ्मा (विद्युतभारित तप्त वायू) सीएमईबरोबर, म्हणजे सूर्यावरून बाहेर फेकल्या गेलेल्या ढगाबरोबर, निघून गेलाय, म्हणून उजेडच कमी झालाय. हे खरं डिमिंग, म्हणजे करोनाचं काळवंडणं. साध्या चित्रात ते नजरेतून सहज निसटतं.

'रनिंग डिफरन्स' दिसायला झकास, पण त्यात सरकणारी कुठलीही उजळ गोष्ट मागे काळी सावली सोडते आणि माणूस फसतो. बेसही फार ताणू नका. सूर्य फिरतो, काही तासांनी उजळ ठिपक्यांच्या शेजारी खोटं काळं उमटायला लागतं. आणि फक्त 171 अँगस्ट्रॉमच्या, म्हणजे जरा थंड करोना दाखवणाऱ्या, थरात अंधारलं तर हुरळू नका, तिथला प्लाझ्मा नुसता तापलेला असू शकतो. 193 आणि 211मध्येही काळं दिसलं, तर माल गेला असं समजायला हरकत नाही.

साइट चित्रावर घटनांच्या खुणा दाखवते, त्या आधी बंद करा, नाहीतर नेमकी हवी ती जागा झाकली जाते. चित्रं वेबसाठी दाबलेली असतात. बघायला उत्तम, मोजमापाला मूळ फिट्स फाइलीच (खगोलशास्त्रातला न दाबलेल्या मोजमापांचा फाइल-प्रकार) घ्याव्या लागतात.

मे 2024चं वादळ, ज्याची लाली लडाखमध्ये हानलेवरून दिसली, ते मात्र पहिल्याच दिवशी उघडू नका. सीएमई इतक्या पाठोपाठ सुटल्या होत्या की बेससाठी शांत चित्र शोधताना दमछाक होते.