मल्टिव्हिटॅमिनचे आठ महिने: थायरॉईडची गोळी चालू असेल तर आधी हे वाचा

मी फोंड्यात राहते, शाळेत शिकवते, वय 47. गेल्या जूनपासून खास महिलांसाठी म्हणून मिळणारी मल्टिव्हिटॅमिनची गोळी रोज एक घेतेय. बाटली 60 गोळ्यांची, आता चौथी संपत आलीय.

सुरू केली ती थकव्यामुळे. तिसऱ्या तासाला वर्गात उभं राहवत नव्हतं. फार्मसीत जाऊन ‘चांगली मल्टिव्हिटॅमिन द्या’ म्हटलं आणि घेऊन आले. रक्त तपासलं नाही, लेबलही धड वाचलं नाही.

थायरॉईडची गोळी मी सहा वर्षं सकाळी उपाशीपोटी घेतेय. विसरायला नको म्हणून ही नवीनही तिच्याबरोबरच घेऊ लागले. चवथ (गणेशचतुर्थी) झाल्यावर नेहमीची तपासणी केली तर टीएसएच (थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा, वाढला म्हणजे गोळी कमी पडतेय) 3.1 वरून थेट 8.2! मी घाबरलेच. डॉक्टरांनी डोस वाढवण्याआधी विचारलं, “नवीन काही सुरू केलंय का?” बाटली पर्समध्येच होती, काढून दाखवली. त्यांनी लेबलावर लोह आणि कॅल्शियमवर बोट ठेवलं. ही दोन्ही थायरॉईडच्या गोळीतल्या थायरॉक्सिनला पोटातच अडकवतात, ते रक्तात नीट उतरत नाही. मध्ये निदान चार तास हवेत. डोस तोच ठेवला, मल्टिव्हिटॅमिन तेवढी दुपारच्या जेवणावर नेली. दोन महिन्यांनी टीएसएच 3.4. बाटलीवर याबद्दल एक ओळ नव्हती आणि विकतानाही कुणी विचारलं नाही, याचा मला अजून राग येतो.

दुपारची वेळ तशीही बरी. ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वं स्निग्ध पदार्थांसोबत अंगी लागतात आणि आमच्या आमटीत नारळाचं वाटप असतंच. उपाशीपोटी होणारी मळमळही थांबली. फक्त जेवणावरचा चहा तासाभराने घेते, कारण चहा लोह शोषू देत नाही. लघवी गडद पिवळी होते ती बी2 मुळे, त्याला घाबरू नका.

आता थकव्याचं. घरात सगळे नुस्तं (मासे) खाणारे, मी लग्नाआधीपासून शाकाहारी. बी12 मुख्यतः मासे, मटण, अंडी, दूध यांतून मिळतं. त्याच वेळी तपासलं तर माझं 160 निघालं. या गोळीत बी12 जेमतेम 1 मायक्रोग्रॅम! एवढी तूट त्याने कशी भरणार? डॉक्टरांनी बी12 ची वेगळी गोळी दिली आणि दीड महिन्यात जिना चढताना फरक जाणवला. श्रेय त्या गोळीचं, मल्टिव्हिटॅमिनचं नाही. डी चंही तसंच, लेबलावर 400 युनिट, तर आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) रोजची शिफारस 600.

पावसाळ्यात एक त्रास झाला. पहिल्या बाटलीतल्या गोळ्या मी स्टीलच्या डबीत काढल्या होत्या, जुलैत त्या ओल धरून चिकटल्या. आता मूळ बाटलीतच, आतली सिलिकाची पुडी न काढता, बेडरूमच्या कपाटात ठेवते.

केसांसाठी म्हणून बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेणाऱ्या मैत्रिणींनो, थायरॉईडची तपासणी करण्याआधी डॉक्टरांना सांगा. त्याने आकडे चुकीचे येऊ शकतात.

पाचवी बाटली मी घेणार नाहीय. बी12 चालू राहील, मार्चमध्ये डी आणि हिमोग्लोबिन तपासून घेईन, आणि जे कमी निघेल तेवढंच घेईन.