ओळख तपासायची कशी: झेरॉक्स, आधारचा क्यूआर, ऑफलाइन फाइल की डिजिलॉकर?

बुटीबोरीच्या कारखान्याला सिक्युरिटी गार्ड पुरवायचे असोत, की नागपुरातल्या वसतिगृहात गोंदिया-बालाघाटहून आलेली मुलं ठेवायची असोत, पहिल्या दिवशीचं काम ठरलेलं: आधारची झेरॉक्स घ्यायची, त्यावर सही घ्यायची, फाइलला लावायची. या कागदात खात्रीचं काहीच नसतं. फोटो बदलून नवी प्रत काढायला आज एक मोबाइल पुरतो. आणि ज्याची आपल्याला गरजच नाही तो बारा अंकी क्रमांक मात्र कपाटात वर्षानुवर्षं पडून राहतो. सरकारने डिजिटल सही (एक अक्षर बदललं तरी तपासणीत पकडलं जाईल अशी संगणकी मोहोर) करून दिलेली ओळख याच्या उलट चालते. तिच्यात क्रमांक नसतो, खात्री असते. म्हणून झेरॉक्स बंद करायची की नाही, हा प्रश्न आमच्या लेखी संपलेला आहे. तिच्या जागी काय आणायचं, हे मात्र प्रत्येकाने आपल्या कामावरून ठरवायचं आहे.

आधी कायद्याचं थोडं. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधार कायद्याच्या कलम ५७ मधला खासगी संस्थांना मोकळीक देणारा भाग रद्द केला. २०१९ च्या दुरुस्तीने ‘ऑफलाइन पडताळणी’चा, म्हणजे आधारच्या सर्व्हरला न विचारता ओळख तपासण्याचा, रस्ता उघडला. त्या रस्त्याने जाणाऱ्या संस्थेला समोरच्याची संमती घ्यावी लागते, आणि आधार क्रमांक किंवा बोटांचे ठसे घेता, वापरता वा साठवता येत नाहीत. आधार द्यायचं नसेल तर दुसरा कोणता पुरावा चालेल, हेही सांगावं लागतं. भविष्य निर्वाह निधीसारख्या कामांत कायद्यानेच आधार लागतं, ती गोष्ट वेगळी. तिथेही क्रमांक त्या कामापुरताच वापरायचा, गेटपासच्या रजिस्टरमध्ये उतरवायचा नाही.

क्यूआर: गेटवर उभ्या उभ्या

माणूस प्रत्यक्ष समोर असेल तर क्यूआरइतकं सोपं काही नाही. ई-आधार, पीव्हीसी कार्ड आणि अलीकडच्या आधारपत्रावर जो मोठा, दाट क्यूआर असतो, त्यात नाव, जन्मतारीख, लिंग, पत्ता आणि लहानसा फोटो असतो. त्या सगळ्यावर यूआयडीएआयची, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची, डिजिटल सही असते. यूआयडीएआयचंच स्कॅनर अ‍ॅप वापरायचं. ते सही तपासतं आणि माहिती व फोटो पडद्यावर दाखवतं. समोरच्याच्या मोबाइलला नेटवर्क नसलं किंवा त्याच्याकडे मोबाइलच नसला, तरी काम अडत नाही. ओटीपी लागत नाही, हा याचा सगळ्यात मोठा फायदा. मजुरांपैकी अनेकांचा आधारला जोडलेला नंबर केव्हाच बंद पडलेला असतो, आणि ओटीपीवर चालणारी प्रत्येक पद्धत तिथेच अडते.

आता गोम कुठे आहे ती पाहा. २०१८ पूर्वीच्या कार्डांवरही क्यूआर आहे, पण त्यावर सही नाही. दोन्हींतला फरक ओळखायला एक साधी युक्ती आहे. फोनच्या नेहमीच्या क्यूआर रीडरने तो वाचून पाहा. नुसत्या आकड्यांची लांबच लांब माळ दिसली तर तो नवा, सहीचा. वाचता येणारा मजकूर दिसला, त्यात नाव-पत्ता आणि पूर्ण आधार क्रमांक उघडा दिसला, तर तो जुना. तो मजकूर कोणीही टाइप करून त्याचा क्यूआर छापू शकतो, म्हणून त्यावर विसंबू नये. अशा माणसाकडून नवं ई-आधार मागवावं. त्याच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्माचं वर्ष.

दुसरी अडचण छपाईची. दुकानातून करून घेतलेल्या प्लॅस्टिक कार्डावर हा दाट क्यूआर इतका बारीक होतो की कॅमेऱ्याला त्यातले ठिपके वेगळे दिसत नाहीत. लॅमिनेशनवर ट्यूबलाइटचा चट्टा पडला तरी तेच. कार्ड थोडं तिरपं धरा, फ्लॅश बंद करा, कॅमेऱ्याची काच पुसा. तरीही वाचलं नाही तर फोनवरचं ई-आधार मोठं करून स्कॅन करा.

तिसरी गोष्ट आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि नेमकी तीच विसरली जाते. अ‍ॅपवर सही जुळल्याची हिरवी खूण आली म्हणजे माहिती खरी. कार्ड घेऊन आलेला माणूस तोच आहे, हे ती खूण सांगत नाही. कार्डावर छापलेल्या फोटोकडे पाहू नका. स्कॅन केल्यावर पडद्यावर जो फोटो येतो त्याच्याशी चेहरा ताडून पाहा. तो फोटो धूसर असतो, कधी दहा वर्षांपूर्वीचा असतो. शंका आली तर दुसरं ओळखपत्र मागा. पत्ताही क्यूआर तयार झाला त्या दिवसाचा असतो.

ऑफलाइन फाइल: माणूस समोर नसेल तेव्हा

मायआधार संकेतस्थळावरून स्वतः त्या व्यक्तीने उतरवून घ्यायची ही एक्सएमएल फाइल (माहितीची साधी मजकूर-फाइल) झिपमध्ये, म्हणजे कुलूपबंद पाकिटासारख्या फाइलमध्ये, बंद येते. उघडायला तिने स्वतः ठरवलेला चार अक्षरी शेअर कोड लागतो. आत सही केलेली माहिती आणि फोटो असतो. मोबाइल नंबर मात्र हॅश करून ठेवलेला असतो, म्हणजे नंबर दिसत नाही, पण तिने सांगितलेला नंबर खरा की नाही हे जुळवून पाहता येतं. फाइलमधल्या संदर्भ क्रमांकाची सुरुवात आधारच्या शेवटच्या चार अंकांनी होते, पुढे तारीख आणि वेळ. फाइल किती शिळी आहे ते त्यावरून लगेच कळतं. व्हिडिओ केवायसीसाठी (बँकेने व्हिडिओ कॉलवर ग्राहकाची ओळख तपासण्यासाठी) अशा फाइलला रिझर्व्ह बँकेने तीन कामकाजी दिवसांची मर्यादा घातली आहे. आपणही तीच ठेवावी.

गफलत होते ती फाइल ब्राउझरमध्ये उघडून नाव दिसलं की ‘झालं’ म्हणण्याने. एक्सएमएल नोटपॅडमध्ये कोणीही बदलू शकतो. यूआयडीएआयच्या सार्वजनिक प्रमाणपत्राने (सही जुळवून पाहण्यासाठी सगळ्यांना खुली असलेली फाइल) सही तपासणारं सॉफ्टवेअर नसेल, तर ही फाइल झेरॉक्सच्याच लायकीची. प्रमाणपत्र बदललं की जुनं प्रमाणपत्र धरून बसलेलं सॉफ्टवेअर खऱ्या फाइलही नाकारू लागतं. आणि झिप व शेअर कोड एकाच व्हॉट्सअ‍ॅप निरोपात मागवू नका. कोड फोनवर विचारा.

डिजिलॉकर: ओळखीपलीकडचे कागद लागत असतील तर

वरच्या दोन्ही पद्धती ‘हा कोण’ एवढंच सांगतात. ड्रायव्हर ठेवायचा असेल तर लायसन्स लागतं, प्रवेश द्यायचा असेल तर दहावी-बारावीची गुणपत्रिका. तिथे डिजिलॉकरला तोड नाही. सरकारी कागद ऑनलाइन ठेवण्याची आणि दाखवण्याची ही केंद्र सरकारची सेवा २०१५ मध्ये सुरू झाली. २०१७ मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन, डिजिलॉकरमधून दिले गेलेले दस्तऐवज मूळ कागदाच्या बरोबरीचे ठरले. मात्र ‘जारी केलेले’ आणि ‘अपलोड केलेले’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जारी केलेला कागद थेट देणाऱ्या खात्याकडून किंवा मंडळाकडून येतो. अपलोड केलेला म्हणजे त्या माणसाने स्वतः काढलेला फोटो, त्याला काही किंमत नाही. पडद्याच्या स्क्रीनशॉटलाही नाही.

संस्थेला हे नीट जोडायचं तर भागीदार म्हणून अर्ज करावा लागतो. मंजुरीनंतर क्लायंट आयडी आणि गुप्त की (आपल्या संस्थेचं लॉगिन नाव आणि पासवर्ड म्हणा) मिळते. मग आपल्या संकेतस्थळावर डिजिलॉकरचं बटण येतं. माणूस आपल्या खात्यात शिरतो, कोणते कागद द्यायचे ते निवडतो, संमती देतो आणि तेवढेच कागद आपल्याकडे येतात. जोडणी करताना सगळ्यात जास्त वेळ जातो तो परतीच्या पत्त्यावर, म्हणजे संमतीनंतर माणूस आपल्या संकेतस्थळाच्या ज्या पानावर परत येतो त्याच्या लिंकवर. नोंदवलेला पत्ता आणि कोडमधला पत्ता यांत एका तिरप्या रेघेचा फरक असला तरी लॉगिन फसतं. गुप्त की सर्व्हरवर ठेवा, मोबाइल अ‍ॅपच्या आत नको.

पण नागपुरात खरा त्रास नावांचा होतो. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव. आधारवर नाव आधी. लग्नानंतर आडनाव बदललेलं असतं. बालाघाट-छिंदवाड्याकडच्या मुलांच्या कागदांवर हिंदी वळणाचं स्पेलिंग. डिजिलॉकर आधारच्या नावाशी ताडून कागद शोधतो आणि ‘जुळत नाही’ म्हणून थांबतो. अशा अर्जदाराला खोटा समजून परत पाठवू नये. मूळ कागद पाहून हाताने नोंद करण्याची सोय पहिल्या दिवसापासून ठेवावी, नाहीतर प्रवेशाच्या हंगामात रांग दारापर्यंत जाते.

मग कोणासाठी काय?

दिवसाला वीस-पंचवीस माणसं, सगळी समोर उभी, संगणकतज्ज्ञ कोणी नाही: क्यूआर घ्या आणि आजच सुरू करा. एक फोन आणि एक रजिस्टर बास. अर्ज ऑनलाइन येतात पण फक्त ओळख हवी: ऑफलाइन फाइल, सही तपासण्याची व्यवस्था असेल तरच. गुणपत्रिका, लायसन्स, पॅन एकत्र हवेत आणि वर्षाला शेकड्यांनी अर्ज येतात: डिजिलॉकरची जोडणी. दहा-बारा माणसांच्या ऑफिसने तिच्या मागे लागू नये. त्यांनी अर्जदाराला समोर बसवून, त्याच्याच फोनवर, त्याच्याच हाताने जारी केलेला कागद उघडायला लावावा आणि त्यावरचा क्यूआर तपासावा.

जन्मतारखेबद्दल एक सूचना. भविष्य निर्वाह निधी संघटनेने जानेवारी २०२४ मध्ये आधारला जन्मतारखेच्या पुराव्यांच्या यादीतून काढलं. वयावर नोकरी ठरत असेल तर दहावीचा कागद बघा.

उलट्या दिशेने: तुमची ओळख सरकारला

महाटेंडर्सवर, म्हणजे राज्य सरकारच्या ऑनलाइन निविदांच्या पोर्टलवर, निविदा भरायची असेल तर यातलं काहीच चालत नाही. तिथे क्लास ३ चं डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेट (तुमच्या नावाने डिजिटल सही करू देणारं प्रमाणपत्र) लागतं, यूएसबी टोकनमध्ये, म्हणजे पेनड्राइव्हसारख्या उपकरणात. क्लास २ चं सर्टिफिकेट जानेवारी २०२१ पासून बंद आहे. आधारवरची ई-साइन, म्हणजे आधारने ओळख पटवून तिथल्या तिथे केलेली ऑनलाइन सही, करारनामे, अर्ज यांसाठी ठीक. तिचं प्रमाणपत्र अवघं ३० मिनिटांचं असतं आणि सहीची गुप्त किल्ली वापरून झाल्यावर नष्ट होते. टोकन मात्र दोन-तीन वर्षं चालतं, म्हणून ते सांभाळावं लागतं. आपल्याकडे ते पिनची चिठ्ठी चिकटवून सीएच्या ड्रॉवरमध्ये ठेवायची सवय आहे. ती मोडा. त्या टोकनने झालेली प्रत्येक सही कायद्याने तुमची असते. मुदत संपण्याच्या महिनाभर आधी नवं काढून पोर्टलवर नोंदवा. निविदेच्या शेवटच्या दिवशी हे काम होत नाही.

नोंद काय ठेवायची? नाव, संदर्भ क्रमांक किंवा आधारचे शेवटचे चार अंक, कोणत्या पद्धतीने तपासलं, तारीख, तपासणाऱ्याची सही आणि संमतीची ओळ. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. माहिती जपण्यात हयगय झाली तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. कपाटातल्या जुन्या झेरॉक्सचा गठ्ठा रद्दीवाल्याला देऊ नका. ज्या कागदांची कायद्याने गरज नाही ते श्रेडरमधून काढा. तूर्त ठेवावेच लागणार असतील, तर आधारचे पहिले आठ अंक काळ्या शाईने मिटवून त्याची पुन्हा झेरॉक्स काढा आणि मूळ प्रत फाडा. नुसत्या शाईखालचे आकडे उजेडात धरले की दिसतात.