एक लिटरचा थर्मास, आठ महिने आणि झाकणातली रिंग

दोन आठवड्यांपूर्वी या थर्मासला मी पाचपैकी एकच स्टार देणार होतो आणि तसा मजकूर अर्धा लिहूनही झाला होता. आज तो खोडून नव्याने लिहीत आहे, कारण माझ्या दोन तक्रारींपैकी एक खोटी निघाली. दुसरी मात्र अजून खरी आहे आणि ती मी सोडणार नाही.

दुहेरी भिंतीचा, ३०४ प्रतीच्या स्टीलचा, कडीचा, झाकणाचाच कप होणारा थर्मास कसा असतो हे सर्वांना ठाऊक आहे, म्हणून त्याच्या वर्णनात शिरत नाही. गुढीपाडव्याच्या आधी बेळगावच्या खडे बाजारातल्या भांड्यांच्या दुकानातून तो ११५० रुपयांना घेतला. दुकानदाराने आधी १३०० सांगितले होते. मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेल्यावर घरात आम्ही दोघेच उरलो आणि महिन्याला एक तरी सहल करायचीच असे ठरले, त्या संकल्पाची ही पहिली खरेदी. लग्नाला २६ वर्षे झाली, पण आमचा प्रवास म्हणजे नात्यातली लग्ने, बारशी आणि दरसालची सौंदत्तीची यल्लम्मा, एवढाच होता. बसस्टँडवर दोघांच्या चहाला ३० रुपये पडतात, दिवसातून तीन वेळा घेतला तर ९०, म्हणजे तेरा सहलींत थर्मास फिटतो, असा हिशेब मी बायकोला दुकानातच मांडून दाखवला. ‘तेरा सहली नेणार असला तर घ्या की,’ एवढेच ती म्हणाली.

त्यातल्या चार आतापर्यंत झाल्या. उष्णता धरण्याबाबत तक्रारीला जागा नाही. पहाटे साडेपाचला भरलेला चहा आंबोलीच्या घाटात, जुलैच्या धुक्यात आणि आडव्या पावसात, अकरा वाजता जिभेला चटका देत होता. मात्र त्यासाठी आधी उकळते पाणी भरून पाच मिनिटे ठेवावे आणि मग ते ओतून देऊन चहा भरावा, नाहीतर थंड स्टीलच थोडी ऊब खाऊन टाकते; शिवाय गळ्यापर्यंत भरावा, कारण अर्धा भरलेला थर्मास लवकर निवतो. दोन भिंतींमधली निर्वात पोकळी शाबूत आहे की नाही हे पाहायचे असेल तर उकळते पाणी भरून बाहेरून हात लावावा. बाहेरचे अंग गरम लागले तर पोकळीत हवा शिरली असे समजावे आणि अशा थर्मासला दुरुस्ती नाही. आमचा आठ महिन्यांनंतरही बाहेरून गारच लागतो.

सहलींच्या खर्चाबद्दल एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. कर्नाटकातल्या साध्या बसमध्ये शक्ती योजनेमुळे बायकांना २०२३ पासून तिकीट नाही. आधार कार्ड दाखवले की कंडक्टर शून्य रुपयांचे तिकीट फाडून देतो. महाराष्ट्राच्या एसटीतही त्याच वर्षापासून बायकांना अर्धे तिकीट आहे, पण ते त्यांच्या हद्दीपुरते. आमच्यासारख्या सीमेवरच्या माणसाने सहलीची दिशा ठरवताना हे सगळे पाहावे लागते. गोकाकला आम्ही मुद्दाम ऑगस्टमध्ये गेलो. घटप्रभा दुथडी भरलेली होती, ५२ मीटरांवरून कोसळणाऱ्या तांबूस पाण्याचे तुषार समोरच्या काठापर्यंत येत होते आणि हिचे तिकीट शून्य होते. ती शून्याची तिकिटे ती पर्समध्ये जपून ठेवते. का, असे विचारले तर हसते.

परंतु थर्मासचा खरा उपयोग सहलीत झाला नाही, आणि ज्यासाठी हा लेख लिहिणे मला आवश्यक वाटले ती गोष्ट ही आहे. आमच्या गल्लीत नळाला पाणी येते त्या दिवशी ते पहाटेच येते, त्यामुळे ही वर्षानुवर्षे पाचला उठते. पाणी नसले तरी सवयीने उठतेच. मी साडेसहाला उठतो. मुलगी घरी होती तेव्हा ती आठला उठायची. चहा पाचला एकदाच होत असे, माझ्यासाठी तो साडेसहाला पुन्हा गरम होई, मुलीसाठी आठला तिसऱ्यांदा, आणि पातेल्याच्या तळाशी जो काळपट, कडवट घोट उरे तो ही ओट्याशी उभी राहून पीत असे. हे मला ठाऊक नव्हते. मला रोज वाफाळता कप मिळत होता, त्यामुळे चौकशी करण्याचे कारणही पडले नव्हते. पाडव्यानंतर एका सकाळी तिने करून पाहावे म्हणून चहा थर्मासमध्ये भरून ठेवला आणि मी उठलो तेव्हा स्वयंपाकघरात कोणी नव्हते. ही मागच्या पायरीवर, बदामाच्या झाडाखाली, दोन्ही हातांत कप धरून बसली होती. मी घाबरून बरे नाही का म्हणून विचारले. ‘बरी हाय की ओ. चहा पितो,’ ती म्हणाली. सकाळी सातच्या आत तिला बसलेली मी लग्नानंतर प्रथमच पाहत होतो.

तेव्हापासून थर्मास रोज भरला जातो आणि मीही सहाला उठून पायरीवर जाऊन बसतो. तिथे फार काही बोलणे होते असे नाही. शेजाऱ्यांच्या नळाला धार बारीक का येते, मुलीचा फोन रविवारी का आला नाही, एवढेच. गेल्या २६ वर्षांत तिसऱ्यांदा उकळलेल्या चहाचे किती कप तिच्या वाट्याला गेले याचा हिशेब मी एकदा मनात सुरू केला होता, पण तो पुढे न्यावासा वाटला नाही.

आता दोषांकडे येतो. दुधाचा चहा चार तासांपेक्षा अधिक ठेवू नये. तो साठ अंशांच्या खाली उतरला की दुधात जंतू वाढू लागतात, आणि त्याआधीच वास बदलतो. प्रवासात आम्ही आता आले आणि गवती चहा घातलेला कोरा चहा नेतो. दुसरे असे की झाकणातली सिलिकॉनची रिंग वास धरते. आल्याच्या चहानंतर साधे पाणी भरले तर पाण्यालाही आले लागते. खाण्याचा सोडा आणि गरम पाणी तासभर भरून ठेवले की स्टील स्वच्छ होते. रिंग मात्र काढून वेगळी घासावी लागते. ती मी दर रविवारी जुन्या टूथब्रशने घासतो. हे वाक्य पुढे महत्त्वाचे ठरणार आहे.

ऑक्टोबरात सौंदत्तीला जाताना, बैलहोंगलच्या पुढे, माझ्या मांडीवरच्या बॅगेतून गरम चहा झिरपू लागला. बॅगेत देवीसाठी नेलेली हिरवी साडी होती आणि तिच्या काठावर तळहाताएवढा तांबडा डाग पडला. घरी आल्यावर मी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. बावीस मिनिटांत मला तीन गोष्टी सांगण्यात आल्या. हमी फक्त पोकळीची असून रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांची नाही. रिंग सुटी मिळत नाही, संपूर्ण झाकण घ्यावे लागेल, त्याचे ३९० रुपये आणि कुरिअरचा खर्च वेगळा. आणि तक्रार असल्यास हुबळीच्या केंद्रात थर्मास स्वतः आणून दाखवावा. दहा-वीस रुपयांच्या रिंगसाठी वस्तूच्या किमतीचा तिसरा हिस्सा मागणे हा सरळ लुबाडण्याचा प्रकार आहे असे मी त्या मुलाला मराठी, हिंदी आणि माझ्या तोडक्या कन्नडमध्ये सांगितले. तो तिन्ही भाषांत नम्र राहिला, त्यामुळे राग अधिकच वाढला. त्याच रात्री एक स्टारचा मजकूर लिहायला घेतला.

मी तो मोठ्याने वाचून दाखवत असताना बायकोने झाकण हातात घेतले, दिव्याखाली धरले आणि नखाने रिंग उचकटून पुन्हा बसवली. ‘अहो, उलटी बसवलीय की ही,’ ती म्हणाली. रिंगच्या एका कडेला पातळ ओठासारखी पट्टी असते. ती खाली, चहाच्या बाजूला असावी लागते. म्हणजे आतल्या वाफेचा दाब तिच्यावर येतो आणि ती गळ्याच्या भिंतीला घट्ट चिकटते. उलटी बसवली तर तोच दाब तिला भिंतीपासून सोडवतो आणि आडव्या थर्मासमधून चहा पाझरतो. रविवारी रिंग कोण घासते हे तिने विचारले नाही. आम्ही थर्मास भरून रात्रभर परातीत आडवा ठेवला. सकाळी परात कोरडी होती.

त्यामुळे गळतीची तक्रार मी मागे घेतो आणि साडीच्या डागाची जबाबदारी माझी आहे हे मान्य करतो. मात्र रिंगवर वरची बाजू दाखवणारी साधी खूणही का नाही? डब्यासोबत एक जादा रिंग द्यायला काय हरकत होती? नऊ भाषांतल्या सूचनांच्या कागदावर तोंड पोळण्याचा इशारा चार वेळा आहे, रिंगबद्दल ओळ नाही. बायकोच्या मते मी आठवडाभर याखेरीज दुसऱ्या विषयावर बोललेलो नाही. गेल्या शनिवारी तीच मला खडे बाजारात घेऊन गेली. त्या दुकानदाराने खालच्या खणातून अगदी त्याच मापाची, ओठ असलेली रिंग काढून दिली. तो ३० म्हणाला, हिने २० दिले. माझे स्टार आता साडेतीन आहेत. तिचे पाच, आणि तिला कारण विचारू नये असे मला वाटते.

डिसेंबरात हंपीला जायचे ठरले आहे. उन्हाळ्यात तिथले दगड तापतात, म्हणून थंडीचेच दिवस धरले. हुबळी, गदग, कोप्पळ, होस्पेट अशा गाड्या बदलत साध्या बसने जाणार आहोत, म्हणजे हिचे शून्य. मला ५० रुपयांच्या नोटेमागचा दगडी रथ पाहायचा आहे. तिला त्याच आवारातले विठ्ठलाचे देऊळ पाहायचे आहे. तिचे वडील चिकोडीकडचे वारकरी. विजयनगरला नेलेली विठ्ठलाची मूर्ती संत भानुदासांनी पंढरपूरला परत आणली, ही कथा तिने त्यांच्याकडून लहानपणी ऐकली आहे. तिथल्या गाभाऱ्यात आज मूर्ती नाही. ‘रिकामा गाभारा बघायला एवढं लांब?’ असे मी विचारले, तर म्हणाली, ‘पंढरपुरात भरलेला बघितलाय की.’

नवी रिंग तिने सुईदोऱ्याच्या डबीत ठेवली आहे आणि रिंग बसवण्याचे काम माझ्याकडून काढून घेण्यात आले आहे. हुबळीची गाडी पहाटे असल्याने त्या दिवशी साडेचारला उठून चहा मी करणार आहे. ही पाचवी सहल. हिशेबाने अजून आठ उरतात.