जिनिंगच्या नेटवर्कला नॉइज: पैसा खड्ड्यात घालायचा की पॅनेलमध्ये?

यवतमाळ, अकोला, वर्धा पट्ट्यात दिवाळीनंतर कापसाचं जिनिंग (सरकी वेगळी करणं) सुरू झालं की एक तक्रार हमखास येते. पंख्याच्या आणि कन्व्हेयरच्या ड्राइव्ह, म्हणजे मोटारीचा वेग बदलणारी उपकरणं, बंद असल्या की पीएलसीचं, म्हणजे मशिनरी चालवणाऱ्या छोट्या कंट्रोलरचं, नेटवर्क झकास चालतं. त्या सुरू झाल्या की त्यांचा विजेचा गोंगाट, म्हणजे नॉइज, नेटवर्कमध्ये शिरतो आणि स्क्रीनवर कम्युनिकेशन फॉल्ट. वायरमनचा सल्ला ठरलेला: "शेठ, इलेक्ट्रॉनिक्सला अर्थिंगचा वेगळा खड्डा मारा." खड्ड्याचा ठेकेदारही तेच सांगतो, आणि त्याने का सांगू नये!

दुसरा पर्याय म्हणजे नवा खड्डा न खणता आहे ती अर्थिंग पॅनेलमध्ये नीट बांधणं. माझा कौल याच बाजूला आहे.

वेगळ्या खड्ड्यामागचा विचार वरवर पटतो. मोटारींची अर्थ घाण, मग पीएलसीला स्वच्छ अर्थ द्या. पण ड्राइव्हचा नॉइज ५० हर्ट्झचा नसतो, तो मेगाहर्ट्झपर्यंत जातो. तिथे वायरचा ओहम नव्हे, इंडक्टन्स महत्त्वाचा, म्हणजे वेगाने बदलणाऱ्या करंटला वायर करते तो विरोध. तो मीटरला साधारण १ मायक्रोहेन्री धरला, तर खड्ड्यापर्यंतची ३० मीटर वायर १ मेगाहर्ट्झला जवळपास १९० ओहमचा अडथळा होते. खड्डा अर्थ टेस्टरवर २ ओहम दाखवो की अर्धा, नॉइजला त्याचं सोयरसुतक नाही.

त्यात धोका वेगळाच. तो खड्डा मुख्य अर्थला जोडलेला नसेल आणि ५ ओहमचा असेल, तर फेज बॉडीला लागल्यावर २३० व्होल्टला जास्तीत जास्त ४६ अँपिअर करंट जाईल. मागे ६३ अँपिअरचा एमसीबी असेल तर तो पडणारच नाही, आणि पॅनेलची बॉडी जिवंत राहील. मृगाच्या विजा सुरू झाल्या की दोन अर्थांमधला फरक हजारो व्होल्टवर जाऊ शकतो. त्या दोघांना जोडणारा दुवा कोणता? तुमची नेटवर्क केबल. अशा नेटवर्कमध्ये नेहमी दिसणाऱ्या आरएस-४८५ जोडणीचा चिप उणे ७ ते अधिक १२ व्होल्टपर्यंतचाच फरक धरून बनवलेला असतो.

मोटारीच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थ जोडण्या द्याव्यात असा वीज सुरक्षेचा नियम आहे. बरेच वायरमन तोच नियम इथे लावतात. पण इलेक्ट्रॉनिक्सची अर्थ बाकीच्यांपासून तोडा, असं त्यात कुठेही नाही.

पॅनेलमध्ये काय करायचं? ड्राइव्ह रंग न लावलेल्या, झिंक चढवलेल्या प्लेटवर बसवा. रंगाच्या थरावर स्क्रू आवळून अर्थ होत नाही. दार आणि प्लेट जोडायला बारीक गोल वायरऐवजी रुंद, विणलेली तांब्याची पट्टी घ्या, तीही आखूड. मोटारीची केबल शील्डची, म्हणजे तारांभोवती धातूचं आवरण असलेली, असावी आणि तिची अर्थ कोअर थेट ड्राइव्हच्या अर्थ टर्मिनलवर परत यावी, शेडच्या खांबाला नको. नॉइज ज्या ड्राइव्हमधून निघतो तिथेच त्याला परत जायचं असतं. जवळची वाट मिळाली नाही की तो नेटवर्कच्या वायरीतून जातो. नेटवर्कची केबल मोटारीच्या केबलसोबत एकाच ट्रेमध्ये तर मुळीच नको. ओलांडावी लागली तर काटकोनात ओलांडा. खड्डा खणावा लागत नाही, पण मेहनत किचकट. म्हणूनच कुणी सुचवत नाही.

नेटवर्क केबलची शील्ड अर्थला एका टोकाला जोडायची की दोन्ही? यावर दोन इलेक्ट्रिशियन हमखास भांडतात आणि दोघेही अर्धे बरोबर असतात. एकाच टोकाला जोडली तर ५० हर्ट्झचा करंट शील्डमधून फिरत नाही, पण ड्राइव्हच्या उच्च वारंवारतेपुढे ती निम्मी निकामी. दोन्ही टोकांना जोडली तर ड्राइव्हचा नॉइज चांगला अडतो, मात्र दोन्हीकडची अर्थ एकाच पातळीवर हवी. शील्डचं न जोडलेलं टोक आणि तिथला अर्थबार (सगळ्या अर्थ वायरी जिथे येतात ती पट्टी) यांच्यात मल्टीमीटर लावा. एक-दोन व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसला तर तिथे थेट जोडू नका, कपॅसिटरमधून जोडा. एकाच शेडमध्ये, एकाच अर्थबारवर असाल तर दोन्ही टोकं बिनधास्त जोडा. मात्र शील्डची शेपटी पिळून टर्मिनलला नेऊ नका, ती क्लँपने पूर्ण घेरून दाबा.

जाता जाता, सिग्नल परत उसळू नये म्हणून लावतात तो १२० ओहमचा रेझिस्टर नेटवर्क लाइनच्या दोन टोकांनाच आहे ना, तेही बघा. मधल्या ड्राइव्हमधल्या अशाच रेझिस्टरचाही स्विच चालू राहिलेला असतो आणि दोष अर्थिंगला मिळतो.

शेडपासून प्रेस हाऊस (गाठी बांधण्याची जागा) किंवा धर्मकाट्याची केबिन वेगळ्या इमारतीत असेल, तर तांबं विसरा. सिग्नल जाऊ देऊन दोन्हीकडचा विजेचा संबंध तोडणारा आयसोलेटर स्वस्त आहे, पण विजांचा विचार केला तर काचेच्या तंतूची फायबर केबलच. फक्त त्यात स्टीलचं कवच किंवा तार नको, नाहीतर तीच अर्थ मागच्या दाराने परत येते.

मग खड्ड्याला अर्थच नाही का? आहे, पण जिवाच्या सुरक्षेसाठी. आपली काळी माती पावसाळ्यात ओली असते तेव्हा अर्थिंग उत्तम दाखवते; उन्हाळ्यात ती आकसते, भेगाळते आणि पाइपला सोडून देते. मीठ-कोळशाचा खड्डा स्वस्त, पण मिठाने जीआय पाइप गंजतो. बेंटोनाइट मातीचं केमिकल अर्थिंग ओल जास्त टिकवतं, तरी पाणी त्यालाही लागतंच. कोणताही घ्या, ऑगस्टमधल्या रीडिंगवर बिल देऊ नका. मे महिन्यात मोजून घ्या आणि त्याची पट्टी जुन्या मुख्य अर्थबारलाच आणून जोडा.